कर्करोगातील नैराश्यरोधी औषधोपचार

कर्करोगाच्या रुग्णांतील नैराश्य व चिंता, तसेच रोगातून किंवा त्यावरील उपचारांतून उद्भवणाऱ्या काही शारीरिक तक्रारी यांसाठी नैराश्यरोधी औषधे देण्याची पद्धत. इमिप्रामीन हे सुरुवातीचे नैराश्यरोधी औषध १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रचारात आले. कर्करुग्णांवरील नियंत्रित चाचण्या मात्र साधारणपणे १९८० च्या दशकापासून आढळतात.

भूक मंदावणे, वजन घटणे, झोप न लागणे आणि थकवा ही लक्षणे कर्करोग व नैराश्य या दोन्ही विकारांत सारखीच असल्याने नैराश्याच्या निदानाविषयी मतभेद आहेत. मानसशास्त्रज्ञ जीन एंडिकॉट यांनी १९८४ मध्ये या लक्षणांऐवजी रडवेपणा, एकलकोंडेपणा, निराशेचे विचार घोळत राहणे व कशानेही मन न खुलणे ही लक्षणे धरण्याचे सुचविले. तरीही सर्व लक्षणे विचारात घेणे अधिक इष्ट वाटते, कारण त्यामुळे उपचारांची गरज असलेला रुग्ण नजरेतून सुटण्याचा धोका कमी होतो.

औषधाची निवड करताना स्तनकर्करोगावरील टॅमॉक्सिफेन या औषधाचा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. यकृतातील सीवायपी २डी६ या एंझाइमाच्या साहाय्याने टॅमॉक्सिफेनपासून एंडॉक्सिफेन हे अधिक प्रभावी द्रव्य तयार होते. पॅरॉक्सेटिन व फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यरोधी औषधे या एंझाइमाला जोरदार अटकाव करीत असल्याने रक्तातील एंडॉक्सिफेनचे प्रमाण घटते. याचा रुग्णाच्या आयुर्मानावर परिणाम होतो की नाही, हे वादग्रस्त आहे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पॅरॉक्सेटिनसोबत मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले. इतर काही मोठ्या अभ्यासांत तसा संबंध आढळला नाही. वाद मिटलेला नसला, तरी तुलनेने निर्धोक पर्याय उपलब्ध असताना ही जोखीम पत्करण्याचे कारण उरत नाही. म्हणून अशा वेळी व्हेन्लाफॅक्सिन, सिटॅलोप्रॅम किंवा एस्सिटॅलोप्रॅम यांना पसंती दिली जाते.

व्हेन्लाफॅक्सिनमुळे स्तनकर्करोगाच्या उपचारांत अंगातून उष्णतेच्या लाटा येण्याचा त्रासही कमी होतो. केमोथेरपीमुळे मज्जातंतूंना इजा होऊन हातापायांत होणाऱ्या वेदनांवर ड्युलॉक्सेटिनचा माफक उपयोग २०१३ मधील एका चाचणीत दिसून आला. झोप व भूक यांसाठी मिर्टाझेपिन वापरले जाते. मात्र भुकेबाबतचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत.

सेरोटोनिन या शरीरातील संदेशवाहक द्रव्यावर क्रिया करणाऱ्या औषधांनी रक्तस्रावाची शक्यता वाढते, त्यामुळे बिंबाणू (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशी) घटलेल्या रुग्णांत विशेष दक्षता लागते. मेंदूत गाठी असल्यास अपस्मारासारख्या झटक्यांच्या भीतीमुळे बुप्रोपियॉन टाळतात. प्रोकार्बाझिन या कर्करोगविरोधी औषधात सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचे विघटन करणाऱ्या मोनोअमाइन ऑक्सिडेज एंझाइमाला रोखण्याचा सौम्य गुण असल्याने त्यासोबत नैराश्यरोधी औषधे देणे धोक्याचे ठरू शकते.

नैराश्यावरील परिणामकारकतेचा पुरावा अद्याप दुबळा आहे; बहुतेक चाचण्या लहान व अल्पकालीन आहेत. परिणाम दिसण्यास काही आठवडे लागत असल्याने अखेरच्या दिवसांत या औषधांचा उपयोग मर्यादित राहतो.