१ मेची दोन झाडं

साताऱ्यात १ मेला झेंडावंदन होतं, तसाच गुलमोहर दिनही साजरा होतो. १९९९ पासूनची ही प्रथा. लालभडक झाडांखाली चित्रं काढायची, कविता वाचायच्या. गंमत अशी की त्याच दिवसांत ताम्हणही फुललेलं असतं, आणि ताम्हण म्हणजे महाराष्ट्राचं राज्यपुष्प. महाराष्ट्र दिनी हार मात्र पाहुण्याच्या गळ्यात!

पाहुणा मूळचा मादागास्करचा, तिथल्या कोरड्या पानझडी रानातला. माझं त्याच्याशी भांडण नाही. त्याच्या आंबट पाकळ्या खाऊनच आम्ही मोठे झालो. कळी फोडून पुंकेसर काढायचे, त्यांची डोकी एकमेकांत अडकवून ओढायची. ज्याचं डोकं तुटलं तो हरला. वाळलेल्या शेंगांच्या तलवारी व्हायच्या. झाडावर चढायला मात्र आजी देत नसे. गुलमोहराचं लाकूड दगा देतं, म्हणायची.

फूल नीट पाहिलंत तर पाचांतली एक पाकळी वेगळी दिसेल: उभी, पांढरट, लाल-पिवळ्या ठिपक्यांची. ही मधाकडे नेणारी खूण. मध त्याच पाकळीच्या अरुंद देठात, फुलपाखराच्या लांब सोंडेला पोचेल असा. मधमाशीला लाल रंग धड दिसत नाही, त्यामुळे हा सगळा थाट तिच्यासाठी नाहीच.

ताम्हणाचा हिशेब उलटा. सहा चुरगळलेल्या जांभळ्या पाकळ्या, मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका, आणि मध अजिबात नाही. येणाऱ्या माशीला मिळतो तो फक्त पराग. त्यातला बराचसा ती पोरांसाठी घेऊन जाते. अंगाला चिकटून राहिलेला पुढच्या फुलाला मिळतो. मजुरी मालातूनच द्यायची, असा हा व्यवहार.

बहाव्याने हाच व्यवहार आणखी पक्का केलाय. त्याच्या फुलात दहा पुंकेसर, पण तीन मापांचे. आखूड आणि मधले चरायला. तीन लांब, वाकडे पुंकेसर भुंग्याच्या अंगावर गुपचूप पराग टाकायला. काळा मोठा भुंगा फुलाला मिठी मारतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि बारीक छिद्रांतून पराग बाहेर उडतो. मे महिन्यात सकाळी झाडाखाली थांबा. भुंग्याचा उडतानाचा आवाज आणि फुलावर बसल्यावरचा आवाज निराळा, कानाला सहज कळतो. बहाव्याचा कोवळा पालाही वाया जात नाही, पिवळसर फुलपाखरांच्या अळ्या तो फस्त करतात.

मग रस्त्यावर जिंकला कोण? गुलमोहर, आणि त्यालाही कारण आहे. ताम्हण मुळात ओढ्याकाठचं, घाटातलं आणि कोकणातलं झाड. पायाशी ओल लागते. गुलमोहर मुरमाड जमिनीतही भरभर वाढतो, चार-पाच वर्षांत फुलतो आणि बघता बघता छत्री धरतो. रोपं लावणाऱ्याला आणखी काय हवं? पण मुळं उथळ, फांद्या ठिसूळ, घेर मोठा. वळवाचा पहिला तडाखा बसला की शेजारच्यांची स्कूटर फांदीखाली, हे आमच्याकडे ठरलेलंच.

साताऱ्याजवळच्या कासच्या पठाराला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. तिथे डबक्यांत फुलणारा, इंग्रजी वाय अक्षरासारख्या तुऱ्याचा वायतुरा शास्त्रीय नावात चक्क साताऱ्याचं नाव मिरवतो. तो पाहायला लोक दूरदूरहून येतात. शहरातलं ताम्हणही तसंच पाहण्याजोगं. त्याला फुलं नसताना ओळखायचं, तर फांद्यांवर काळपट, उकललेली लाकडी बोंडं शोधा. मागच्या उन्हाळ्यातली असतात. पंखवाल्या बिया वाऱ्याबरोबर कधीच निघून गेलेल्या, बोंडं मात्र नवा बहर येईपर्यंत तिथेच लटकलेली.