पुलाच्या पोटातला गंज: जर्मनीच्या आजच्या अडचणींची पार्श्वभूमी

११ सप्टेंबर २०२४. ड्रेस्डेन शहर झोपेत असताना, पहाटे तीनच्या सुमाराला, एल्ब नदीवरच्या कॅरोला पुलाचा सुमारे शंभर मीटरचा तुकडा पाण्यात कोसळला. काहीच मिनिटांपूर्वी एक ट्राम त्याच तुकड्यावरून गेली होती. कोणी दगावलं नाही हे नशीब. तपासात निघालं ते असं: १९७० च्या आसपास पूल बांधला जात असतानाच काँक्रीटच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारांना गंज धरला होता आणि त्या तारा पन्नास वर्षं आतल्या आत चिरत चालल्या होत्या. वरून पाहणाऱ्याला मात्र धडधाकट पूल दिसत होता.

जर्मनीच्या अडचणींचा विषय निघाला की बहुतेकदा खापर युक्रेन युद्धावर आणि महागलेल्या गॅसवर फुटतं. युद्धाने घाव घातला हे खरंच, पण गंज त्याच्या कितीतरी आधीचा. कॉन्झर्व्हेटिव्ह विचार मानणाऱ्या माझ्यासारख्याला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की तो साठत गेला मुख्यतः कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्याच कारकिर्दीत. वाडवडिलांनी उभारलेलं राखायचं, वेळच्या वेळी डागडुजी करायची आणि चांगल्या अवस्थेत पुढच्या पिढीच्या हाती द्यायचं, हा या विचाराचा गाभा. जर्मनीत नेमकं तेच राहून गेलं.

राखायचं होतं ते काय, हे कळायला १९४८ पर्यंत मागे जावं लागतं. शहरांचे ढिगारे झालेले, रेशनवरचं अन्न तुटपुंजं, आणि चलनाची पत इतकी गेलेली की काळ्या बाजारात सिगारेटी नाण्यांसारख्या चालायच्या. २० जून १९४८ ला, रविवारी, पश्चिमेकडच्या, अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या तिन्ही ताबाक्षेत्रांत नवा डॉइच मार्क आला. सुरुवातीला माणशी चाळीस मार्क हातात पडले. तिथल्या अर्थ-प्रशासनाचे प्रमुख लुडविग एर्हार्ड यांनी त्याच सुमारास बऱ्याचशा वस्तूंवरचं किंमत-नियंत्रण उठवून टाकलं. दडवून ठेवलेला, कित्येक वर्षं कोणाच्या दृष्टीस न पडलेला माल बघता बघता दुकानांच्या काचेमागे दिसू लागला. पुढे एर्हार्ड अर्थमंत्री आणि नंतर चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख, झाले. त्यांच्या आणि पहिले चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने, म्हणजे सीडीयूने, या व्यवस्थेला ‘सामाजिक बाजारव्यवस्था’ म्हटलं: स्पर्धा मोकळी, चलन खणखणीत, आणि खरोखर पडलेल्याला आधाराचा हात. १९२३ च्या महागाईत ज्यांची जन्माची पुंजी मातीमोल झाली होती, तो समाज पैशाच्या बाबतीत ताकही फुंकून पिणारच. भरभराट ऐन भरात असताना, १९६२ मध्ये, याच एर्हार्ड यांनी रेडिओवरून लोकांना मर्यादा पाळायची विनंती केली होती. कमाईपेक्षा मागण्या वेगाने वाढत चालल्या आहेत, हे त्यांना तेव्हाच दिसत होतं.

१९९० च्या पूर्व-पश्चिम एकीकरणाचा भार मोठा होता आणि तो उचलणं कर्तव्यच होतं. पण २००५ च्या सुरुवातीला बेकारांचा आकडा पन्नास लाखांवर गेला. कामगार कायदे आणि बेकारी भत्ता यांची कठोर फेररचना करणारा ‘अजेंडा २०१०’ मार्च २००३ मध्ये मांडला तो समाजवादी चॅन्सेलर गेरहार्ड श्रोडर यांनी. त्याची किंमत त्यांच्या एसपीडी पक्षाने मतांच्या रूपात मोजली. फळं मात्र पुढे सीडीयूने चाखली.

त्याच २००३ मध्ये सीडीयूचं लाइपझिगचं अधिवेशन झालं. त्या काळात फ्रीडरिश मेर्झ नावाचा पक्षाचा एक नेता म्हणत असे की आयकराचं विवरणपत्र बिअरच्या ग्लासाखाली ठेवतात त्या पुठ्ठ्याच्या चकतीवर मावलं पाहिजे, इतका कर सोपा हवा. लाइपझिगला पक्षाने अशाच धाडसी सुधारणांचा कार्यक्रम स्वीकारला, आणि तोही आंगेला मेर्केल यांच्या अध्यक्षतेखाली. दोन वर्षांनी निवडणूक आली. हातात आल्यासारखा वाटणारा विजय जेमतेम मिळाला, मतं ३५.२ टक्के. मेर्केल चॅन्सेलर झाल्या, पण त्यांनी यातून धडा घेतला की सुधारणा बोलून दाखवली की मतदार शिक्षा करतो. माझ्या मते आजच्या जर्मनीची गोष्ट खरी वळली ती इथे. २०११ ची फुकुशिमाची अणुदुर्घटना किंवा २०१५ मध्ये निर्वासितांसाठी उघड्या राहिलेल्या सीमा ही पुढची पानं आहेत. लाइपझिगचा कार्यक्रम गुंडाळला गेला, मेर्झ २००९ मध्ये संसदेतून बाहेर पडले, आणि मेर्केल यांच्या सोळा वर्षांत पक्षाने एकेक खांब स्वतःच्या हाताने काढला.

अणुऊर्जेचंच घ्या. २०१० च्या शरद ऋतूत मेर्केल सरकारने अणुभट्ट्यांचं आयुष्य सरासरी बारा वर्षांनी वाढवलं होतं. देशाची साधारण २२ टक्के वीज तेव्हा त्यांतून यायची. मार्च २०११ मध्ये जपानात त्सुनामी आली, फुकुशिमाच्या अणुकेंद्रात दुर्घटना झाली आणि काही दिवसांत निर्णय उलटा फिरला. जर्मन भट्ट्यांत काही बिघाड झाला नव्हता; बाडेन-व्यूर्टेम्बर्गची निवडणूक मात्र दारात होती. ती निवडणूक सीडीयू हरलीच, ५८ वर्षांची सत्ता गेली. उरलेल्या शेवटच्या तीन भट्ट्या १५ एप्रिल २०२३ ला बंद झाल्या, तेही ऊर्जेच्या टंचाईत. ऑगस्ट २०२४ मध्ये बव्हेरियातल्या ग्राफेनराइनफेल्डचे दोन उंच शीतन मनोरे सुरुंग लावून पाडले. आधी एक माणूस विजेच्या खांबावर चढून बसला होता, अणुऊर्जेच्या बाजूने निषेध करायला. त्याला उतरवेपर्यंत सगळं थांबलं. मग काही सेकंदांत मनोरे आपल्याच पायाशी बसले, आणि जमलेली गर्दी मोबाइलवर ते टिपत राहिली. चालत्या देशाने आपली वीज अशी पाडताना पाहणं मला फार जड गेलं.

भट्ट्यांची जागा बरीचशी रशियन गॅस भरून काढेल, असा हिशेब होता. २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया गिळल्यावरसुद्धा रशियन गॅस आणणारी नॉर्ड स्ट्रीम २ ची पाइपलाइन पुढे रेटली गेली. पोलंड आणि युक्रेन ओरडून सांगत होते, ऐकलं नाही. युद्धाच्या तोंडावर आयात गॅसपैकी निम्म्याहून अधिक रशियाचा होता.

२०११ मध्येच सक्तीची लष्करी सेवा स्थगित झाली. २०१४ मध्ये, म्हातारा होत चाललेल्या देशात, पंचेचाळीस वर्षं वर्गणी भरलेल्यांना ६३ व्या वर्षी पूर्ण पेन्शन द्यायचं ठरलं. २०१५ मध्ये सुमारे ८ लाख ९० हजार लोक आश्रय मागायला आले आणि मेर्केल म्हणाल्या, ‘हे आपण करू शकतो.’ त्या करुणेची मी टिंगल करणार नाही. पण कोण आलं, किती सामावतील आणि कोण परत जाईल, हे विचारणंच निर्दयपणाचं ठरवलं गेलं. ज्यांना हे प्रश्न विचारायचे होते त्यांना आपल्या जुन्या पक्षात जागा उरली नाही. कर्जात बुडालेल्या युरो देशांच्या बचाव-पॅकेजना विरोध म्हणून २०१३ मध्ये निघालेला एएफडी हा पक्ष तेव्हा मरगळलेला होता; त्याला तिथे नवं रक्त मिळालं आणि तो अधिकाधिक जहाल होत गेला. मतं २०१३ मध्ये ४.७ टक्के, २०१७ मध्ये १२.६, २०२५ मध्ये २०.८. एएफडीला मी कॉन्झर्व्हेटिव्ह मानत नाही. त्याची वाढ मात्र मेर्केल काळाचं अपत्य आहे.

आणि काटकसर? २००९ मध्ये राज्यघटनेत कर्जाला लगाम घालणारी तरतूद आली: केंद्राची संरचनात्मक तूट (तेजी-मंदीचा परिणाम वगळून उरणारी) राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.३५ टक्क्यांपलीकडे नको. तत्त्व उत्तमच होतं. २०१४ ते २०१९ केंद्राने नवं कर्ज काढलं नाही. पण पैसा वाचवला कुठे? पेन्शन आणि भत्ते वाढत गेले, पूल आणि रेल्वे मागे पडले. घराच्या कौलांवर वाचवून सणावारी उधळण्याला काटकसर म्हणत नाहीत. मेर्झ यांच्याच झाउअरलांड भागातला, महामार्ग ४५ वरचा राह्मेडे पूल डिसेंबर २०२१ मध्ये एका रात्रीत बंद करावा लागला आणि अवजड ट्रक ल्यूडेनशाइड गावातून धडधडू लागले. रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी २०२४ मध्ये वेळेवर धावल्या ६२.५ टक्के.

मेर्केल यांच्यानंतर आलेल्या, एसपीडीच्या ओलाफ शोल्झ यांच्या तीन पक्षांच्या सरकारबद्दल फार लिहायची गरज नाही. गॅस तुटल्यावर विल्हेल्म्सहाफेन बंदरात काही महिन्यांत एलएनजी (द्रवरूप गॅस) उतरवायचं टर्मिनल उभं केलं, हे श्रेय त्यांचं. पण घराघरातली हीटिंग यंत्रणा बदलायच्या कायद्याने लोक बिथरले, आणि १५ नोव्हेंबर २०२३ ला घटना न्यायालयाने करोनासाठीचे ६० अब्ज युरो हवामान निधीत वळवणं घटनाबाह्य ठरवलं. वर्षभरात सरकार फुटलं. २०२३ आणि २०२४, सलग दोन वर्षं अर्थव्यवस्था आक्रसली.

चीन या काळात गिऱ्हाईक होता तो प्रतिस्पर्धी झाला. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत ३५ हजारांहून जास्त नोकऱ्या कमी करायचा करार केला. ज्या ड्रेस्डेनमध्ये पूल पडला, तिथल्या तिच्या काचेच्या कारखान्यातलं गाड्यांचं उत्पादन २०२५ च्या डिसेंबरात थांबलं. चाकणच्या पट्ट्यात जर्मन कंपन्यांसाठी काम करणाऱ्या आपल्या मुलांना या बातम्या परक्या नाहीत. गंमत नाही, पण दुसरीकडे माणसांची टंचाई इतकी की फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्यूर्टेम्बर्गशी दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचा करार केला.

फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत सीडीयू आणि तिचा बव्हेरियातला जोडीदार पक्ष सीएसयू यांना २८.५ टक्के मतं मिळाली आणि बिअरच्या चकतीवाले मेर्झ अखेर सत्तेच्या दारात आले. पण शपथ घेण्याआधीच, १८ मार्चला, जुन्या संसदेत घटनादुरुस्ती मंजूर झाली: राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्यावरचा संरक्षण खर्च लगामातून मुक्त आणि पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोंचा कर्जनिधी. संरक्षणाचं मला पटतं. पुतिन वाट पाहत थांबणार नाहीत. पण सुधारणांआधी कर्ज, हा क्रम काटकसरीचा सूर लावून मतं मागणाऱ्याला शोभत नाही. ६ मे रोजी चॅन्सेलरच्या निवडीत पहिल्या फेरीत मेर्झ यांना ३१६ ऐवजी ३१० च मतं पडली. संघराज्याच्या इतिहासात असं पूर्वी कधी झालं नव्हतं. दुसऱ्या फेरीत ते निवडून आले.

५ डिसेंबर २०२५ ला बुंडेस्टागने, म्हणजे संसदेने, एकाच दिवशी दोन कायदे मंजूर केले. एकाने पेन्शनचा स्तर २०३१ पर्यंत सरासरी वेतनाच्या ४८ टक्क्यांवर बांधून ठेवला. सीडीयू-सीएसयूचे अठरा तरुण खासदार कित्येक आठवडे सांगत होते की त्यानंतरचा १०० अब्ज युरोंहून जास्त बोजा आमच्या पिढीवर पडेल. मेर्झ यांनी त्यांना वळवण्यात सगळा जोर लावला. दुसऱ्या कायद्याने नवी लष्करी सेवा आणली, तूर्त ऐच्छिक, पण २००८ आणि त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक मुलाला अठरा झाल्यावर प्रश्नावली भरून द्यावी लागेल. ती भरणारा मुलगा पहिलीत जाण्याच्या वयाचा होता, तेव्हा त्याच्या आजोबांचं ६३ चं पेन्शन मंजूर झालं होतं.