रानातले सिद्दी आणि जिल्ह्याची सीमा

जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात. उत्तर कन्नडच्या रानातल्या सिद्दींची कहाणी वेगळी. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या गुलामांचे ते मुख्यतः वंशज. कोणी पळून आले, कोणी सुटका झाल्यावर घाट चढले. ब्रिटिश मुलखात १८४३ नंतर गुलामावरचा मालकी हक्क कोर्टात चालेनासा झाला आणि यल्लापूर-हल्याळच्या रानातला आसरा पक्का झाला.

पुढे सिद्दी हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांत विभागले, तरी समाज म्हणून एकत्र राहिले ते याच रानात. बोली कोकणी वळणाची, वाद्य दमाम नावाचा ढोल. मध, शिकेकाई गोळा करायची, झाडी साफ करून थोडे भात पिकवायचे, बाकीचे दिवस सुपारीच्या बागांत मजुरी. हिंदू सिद्दींच्या घरात 'हिरियारू' म्हणजे पूर्वज पुजले जातात, तेही नारळाच्या रूपात.

इंग्रजांनी रान राखीव केले तेव्हा बागाईतदारांना बागेच्या खताचा पाला तोडायला 'बेट्ट' म्हणजे बागेसाठी नेमून दिलेल्या झाडीच्या जमिनीच्या सवलती मिळाल्या. त्याच बागांत राबणाऱ्या सिद्दींची शेते मात्र बहुतांशी कागदावर आलीच नाहीत, आणि कागद नसला की वनखात्याच्या लेखी ते अतिक्रमण.

म्हणूनच २००३ च्या निर्णयाला एवढे महत्त्व. त्या साली सिद्दींना अनुसूचित जमातीत घेतले, पण फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यापुरते. शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचे आणि धारवाड जिल्ह्यातल्या कलघटगीचे सिद्दी बाहेर राहिले. रान सलग, सोयरीक एक, आणि दर्जा मात्र महसुली सीमेवरून ठरला! हा अन्यायच होता. त्याची खरी झळ २००६ च्या वनहक्क कायद्यात दिसते. अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरते. इतरांना मात्र त्याआधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची, वहिवाट सिद्ध करावी लागते. ज्यांच्या आजोबांची कुठे नोंदच झाली नाही, त्यांनी हा पुरावा आणायचा कुठून? त्यातच २००७ मध्ये दांडेली-अणशीचा पट्टा व्याघ्र प्रकल्प झाला आणि रानातल्या वावरावर आणखी बंधने आली.

बेळगाव आणि धारवाडच्या सिद्दींना यादीत घेणारी दुरुस्ती झाली २०२० साली. वनहक्क कायदा येऊन तोवर तेरा वर्षे उलटून गेली होती.