कवटी हसते कुणासाठी? हॅलोविन आणि मेक्सिकोचा मृतांचा दिवस

ऑक्टोबर संपत आला की पुण्या-मुंबईच्या कॅफेंमध्ये एक टेबल हमखास सजलेलं दिसतं. भोपळ्याचा दिवा, कापसाचं जाळं, त्यात अडकवलेला रबरी कोळी आणि मधोमध फुलापानांनी रंगवलेली, गोड हसणारी कवटी. भोपळा, जाळं, कोळी एका घरचे, कवटी शेजारच्यांची. पहिले तिघे हॅलोविनचे. ती रंगीत कवटी मेक्सिकोच्या 'दिआ दे मुएर्तोस'ची, म्हणजे मृतांच्या दिवसाची.

गल्लत होण्याजोगंच आहे म्हणा. हॅलोविन 31 ऑक्टोबरला, मेक्सिकोचा सण 1 आणि 2 नोव्हेंबरला. दोन्ही ख्रिस्ती पंचांगातल्या एकाच जोडदिवसाला चिकटलेले: सर्व संतांचा दिवस आणि त्यामागून येणारा सर्व मृतांचा दिवस. हॅलोविन हे नावच 'ऑल हॅलोज ईव्ह', म्हणजे संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ, यावरून पडलं. गोव्यात 2 नोव्हेंबरला कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या दिसतात, तो हाच दिवस. शिवाय दोन्हीकडे केशरी रंग आणि दोन्हीकडे हाडं.

मी एकच खूण लक्षात ठेवते: हे सगळं मांडलंय कुणासाठी?

हॅलोविनची सजावट रस्त्याकडे तोंड करून असते. पायऱ्यांवर भोपळे, अंगणात थर्माकोलचे थडगे-दगड, खिडकीत वटवाघळं. सगळा थाट येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी आणि 'ट्रिक ऑर ट्रीट' म्हणत दार वाजवणाऱ्या पोरांसाठी. पोर्चमधला दिवा लागलेला असला तर इथे खाऊ मिळणार, ही तिथली खूण. 2020 मध्ये होम डेपो या अमेरिकेतल्या घरसामानाच्या दुकानसाखळीने 12 फुटी सांगाडा विकायला काढला आणि लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. तो सांगाडा कुणाचा, हे मात्र कोणी विचारत नाही. तो कुणाचाच नसतो, म्हणून तर त्याला बिनधास्त टोपी घालता येते.

भोपळा कोरण्याची चाल आयर्लंड-स्कॉटलंडमधून आली. तिथे भोपळा नव्हताच; सलगम कोरून आत उजेड ठेवत आणि असल्या भेसूर चेहऱ्याने भुतं दूर राहतात, असं मानत. आयरिश लोक अमेरिकेत गेले, तिथे कोरायला सोपा, मोठा भोपळा मिळाला, सलगम मागे पडला. आपल्याकडे या भोपळ्याची भावकी शोधायचीच तर ती दुकानाच्या दारात टांगलेला कोहळा आणि लिंबू-मिरची यांच्यात सापडेल. काम तेच, बाहेरचं बाहेर ठेवायचं.

(हौस असेल तर एक सांगते: आपला लाल भोपळा जाड गराचा, कोरताना मनगट दुखतं. झाकण तिरकं कापा, नाहीतर ते आत पडतं. आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात तो फार टिकत नाही, म्हणून आदल्या दिवशीच कोरा.)

मेक्सिकोत सगळं उलट दिशेने चालतं. तिथे मृतांना आत बोलवायचं असतं. घरात एक चौरंगवजा मांडणी करतात, तिला 'ओफ्रेंदा' म्हणतात. कुठे दोन पायऱ्यांची, कुठे तीन, कुठे सात. त्यावर गेलेल्या माणसाचा फोटो आणि त्याच्या आवडीचं सगळं: आजीला लागायचं ते चॉकलेट, काकांची टकीलाची बाटली, सिगारेट ओढणारा असेल तर सिगारेटही. लांबून चालत येणाऱ्याला तहान लागते म्हणून पाण्याचा पेला. शुद्धीसाठी मीठ. कोपाल नावाच्या राळेचा धूप. 'पान दे मुएर्तो' हा गोड पाव, त्यावर कणकेचीच हाडं. वर 'पापेल पिकादो', म्हणजे पातळ कागदाच्या थप्पीवर छिन्नी मारून काढलेल्या जाळीच्या पताका. 1 तारखेला मुलांचे आत्मे येतात आणि 2 तारखेला मोठ्यांचे, म्हणून ज्या घरातलं मूल गेलं असेल तिथे खेळणीही ठेवतात.

आणि झेंडू! ढिगांनी झेंडू. त्याच्या पाकळ्यांची वाट दारापासून ओफ्रेंदापर्यंत घालतात. रंग आणि वास धरून आत्मा घर शोधतो. तिथलं नाव सेंपासूचिल, नाहुआत्ल या मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं. दसऱ्याला आपण ज्याचं तोरण लावतो तो झेंडू मूळचा तिकडचाच. युरोपीय जहाजं अमेरिकेला लागल्यानंतर तो जगभर फिरला. म्हणजे त्या कॅफेच्या टेबलावर आपल्याला सर्वांत परकी वाटणारी कवटीच आपल्या फुलाची गाववाली.

ती कवटी साखरेची असते, कपाळावर नाव लिहिलेली. नाव मृताचं असतं किंवा चक्क जिवंत मित्राचं. भेट म्हणून देतात, कोणाला राग येत नाही. हॅट घातलेली जी नटवी सांगाडाबाई सगळीकडे दिसते ती कात्रिना. होसे ग्वादालुपे पोसादा या चित्रकाराने 1910च्या सुमारास तिचं मुंडकं कोरलं, ते आपलं मूळ लपवून युरोपी तोरा मिरवणाऱ्यांची टर उडवायला. दिएगो रिवेरा या मेक्सिकन चित्रकाराने 1947च्या आपल्या भित्तिचित्रात तिला अंगभर कपडे दिले आणि पोसादाच्याच हातात तिचा हात दिला. त्यामुळे 'भयानक मेकअप' म्हणून कात्रिनाचा चेहरा रंगवला की विनोदच हरवतो.

इतकी स्वच्छ रेघ मेक्सिकोत तरी आहे का? नाही. तिथल्या शहरांत भोपळेही विकले जातात आणि पोरं वेष करून खाऊ मागत हिंडतात. मेक्सिको सिटीतली ती प्रचंड मिरवणूक तर 2016 मध्ये सुरू झाली, आदल्या वर्षीच्या एका जेम्स बाँडपटात तशी दाखवली होती म्हणून. सण असेच वाढतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती 2013 मध्ये डिस्नेने या सणाच्या नावावर ट्रेडमार्क मागितला होता त्याबद्दल. लोक भडकले, अर्ज मागे घ्यावा लागला.

ओफ्रेंदा म्हणजे मेक्सिकोचा पितृपक्ष, असं म्हणण्याचा मोह होतो. आवडीचे पदार्थ करून पान वाढण्यापर्यंत ते जुळतंही. पण आपल्याकडे त्या पंधरवड्यात खरेदी नको, शुभकार्य नको. तिथे कबरीशेजारी रात्रभर बसून गाणीबजावणी चालतात, पोरं तिथेच पेंगतात.

घरी काही मांडायचंच असेल तर ठरवणं सोपं आहे. पाहुण्यांना दचकवायचंय? भोपळा, जाळं, काळे कागद आणा आणि रंगीत कवटी दुकानातच राहू द्या. ओफ्रेंदा करायचीय? मग आधी फोटो शोधा. फोटोशिवाय ते नुसतं झेंडू मांडलेलं टेबल.

सण आटोपल्यावर भोपळा खतात जातो. ओफ्रेंदावरचं घरची माणसं वाटून खातात. येऊन गेलेल्यांनी त्याची चव आणि वास नेलेला असतो, असं तिथे सांगतात. पाव थोडा बेचव लागला तरी कोणी कुरकुरत नाही.