संगणकाचे हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर

संगणकाचे जे भाग हात लावून पाहता येतात ते हार्डवेअर, आणि त्या भागांनी काय करावे हे सांगणाऱ्या सूचनांचा संच म्हणजे सॉफ्टवेअर. विंडोज किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणाली, पत्रे लिहिण्याचे वा हिशेब ठेवण्याचे प्रोग्रॅम आणि प्रिंटरची कार्यप्रणालीशी गाठ घालून देणारे ड्रायव्हर हे सारे सॉफ्टवेअरमध्ये मोडतात. सामान्य माणसाला या संज्ञांची गरज पडते ती मुख्यतः संगणक विकत घेताना आणि तो संथ झाल्यावर.

नागपुरात सीताबर्डीवर, म्हणजे नागपूरकरांच्या बर्डीवर, सुटे भाग निवडून संगणक असेंबल करून घेता येतो. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये ‘आय५, १६ जीबी डीडीआर४, ५१२ जीबी एनव्हीएमई’ अशा धर्तीची नोंद असते. तिच्यात अनुक्रमे प्रोसेसर (सूचना प्रत्यक्ष अमलात आणणारी चिप), रॅम (चालू कामापुरती तात्पुरती जागा) आणि कायमची साठवण असे तीन वेगळे भाग सांगितलेले असतात. शेवटच्या दोन्ही भागांचे माप जीबीतच दिले जात असल्यामुळे सर्वाधिक गोंधळ इथेच होतो.

रॅममध्ये त्या क्षणी चालू असलेले काम असते आणि वीजपुरवठा तुटताच ते पुसले जाते. साठवणीतील मजकूर मात्र संगणक बंद असतानाही टिकतो. पावसाळ्यात लाइट गेल्यावर सेव्ह न केलेले पत्र नाहीसे होते आणि सेव्ह केलेले बहुधा शाबूत राहते, त्याचे कारण हेच. रॅम भरली की कार्यप्रणाली तिच्यातील काही भाग तात्पुरता डिस्कवर हलवते आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी धीमी असल्याने संगणक अडखळू लागतो. रॅम कमी पडत असताना फोटो आणि चित्रपट काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु त्याने रॅम वाढत नाही. रॅम वाढवायची असेल तर मदरबोर्डला, म्हणजे सारे भाग जिच्यावर जोडलेले असतात त्या मुख्य पाटीला, कोणती चालते हे आधी पाहावे लागते. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या पट्ट्यांवरील खाच वेगवेगळ्या जागी असते आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

साठवणीचे दोन प्रकार प्रचलित आहेत: फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क आणि चिपांवर माहिती साठवणारी एसएसडी. कोटेशनमधील एनव्हीएमई हा एसएसडीचाच एक प्रकार. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि तिच्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजच्या डेस्कटॉपमधील हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेते, आणि हवी ती माहिती शोधायला माहिती वाचणाऱ्या हेडला तिच्यावरून सरकावे लागते. एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने हा वेळ जवळजवळ उरत नाही. जुन्या, पण धडधाकट संगणकासाठी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवणे हा सर्वांत सार्थकी लागणारा खर्च आहे. १ टीबीची, म्हणजे उत्पादकाच्या हिशेबाने १,००० जीबीची, डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीची दिसते, त्यात फसवणूक नसते: उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १,०२४ च्या.

दोष कोठे आहे हे ओळखण्यासाठी विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा. त्यात प्रोसेसर, मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क यांचा वापर टक्क्यांत दिसतो. किरकोळ काम चालू असतानाही डिस्कचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांवर अडून राहत असेल, तर केवळ रॅम वाढवून भागेलच असे नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक कारण जमेस धरावे लागते. अनेक लॅपटॉपांसाठी उत्पादकांनी सांगितलेली खोलीच्या तापमानाची कमाल मर्यादा ३५ अंश सेल्सिअस असते आणि मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या वर जातो. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की स्वतःला जपण्यासाठी आपला वेग आपोआप कमी करतो. प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकमध्ये धूळ साचली असेल किंवा प्रोसेसरची उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचवणारी त्याखालची थर्मल पेस्ट सुकली असेल, तर ही वेळ लवकर येते. अशा वेळी संगणक फॉरमॅट मारून, म्हणजे डिस्क पुसून कार्यप्रणाली नव्याने टाकून, उपयोग होत नाही, धूळ काढून पेस्ट बदलावी लागते. कूलर समोर ठेवल्यास त्याच्या पॅडमधून उडणारे पाण्याचे तुषार कॅबिनेटपर्यंत पोहोचणार नाहीत, एवढे अंतर राखावे.

याउलट, हार्डवेअर उत्तम असूनही सॉफ्टवेअरमुळे संगणक मागे पडू शकतो. विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण तर लागतेच, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा लागते आणि अनेक जुन्या संगणकांत ती नसते. असे संगणक उबुंटू किंवा मिंट या लिनक्सच्या मोफत आवृत्त्यांवर चालू शकतात, मात्र दुकानाचा हिशेब टॅली या सॉफ्टवेअरवर असेल तर ते विंडोजसाठीच केलेले असल्याने लिनक्सवर थेट चालत नाही, हे बदल करण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.