सहीपासून सुरुवात : प्रौढांच्या इंग्रजी वर्गाची पार्श्वभूमी

प्रौढांना इंग्रजी लिहा-वाचायला शिकवणाऱ्या वर्गात आज काही गोष्टी हटकून दिसतात. पहिल्याच दिवशी स्वतःचे नाव गिरवून घेतात. नंतर फॉर्म भरायला शिकवतात, किराणा दुकानाची जाहिरात समोर ठेवून बेरजा करवतात. शिकणाऱ्याने तोंडी सांगितलेली चार वाक्ये फळ्यावर लिहून त्याच्याकडूनच वाचून घेतात. शिक्षकांच्या पुस्तिकांमध्ये हे उपक्रम आता इतके रुळले आहेत की ते एखाद्या विद्यापीठात आखले गेले असावेत असे वाटते. पण हे सगळे एकत्र पाहायचे तर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका बेटावर जावे लागते. तिथे ब्युटी पार्लर चालवणारी एक बाई एका दुकानाच्या मागच्या खोलीत हा वर्ग घेत होती, आणि शिकणाऱ्यांना मतदार यादीत नाव लावून घ्यायचे होते.

त्याआधीचा एक टप्पा केंटकी राज्यातला. रोवन काउंटीच्या शाळांच्या अधीक्षक कोरा विल्सन स्टुअर्ट यांनी 5 सप्टेंबर 1911 रोजी मोठ्यांसाठी रात्रीचे वर्ग सुरू केले. डोंगराळ भाग, रस्ते धड नाहीत, म्हणून वर्ग चांदण्या रात्रीच भरवायचे. त्यामुळे नाव पडले ‘मूनलाइट स्कूल्स’. दीडशे माणसे आली तरी पुष्कळ, अशी अपेक्षा होती. पहिल्याच रात्री सुमारे 1,200 आली, अगदी ऐंशी ओलांडलेलीसुद्धा. मुलांची बाराखडीची पुस्तके या माणसांच्या हातात द्यायची कशी, हा पेच होता. स्टुअर्ट यांनी त्यांच्यासाठी एक छोटे वर्तमानपत्रच काढले. त्यातली वाक्ये सोपी आणि पुन्हापुन्हा येणारी, पण विषय गावातलेच. ‘मी पोरांचे पुस्तक वाचतोय’ ही लाज त्यामुळे टळली. लिहिण्यासाठी मऊ टीपकागदावर अक्षरांच्या खाचा पाडून दिल्या जात. नांगर धरून कडक झालेला हात त्या खाचांमधून पेन्सिल फिरवत स्वतःचे नाव लिहायला शिके. 1915 मध्ये त्यांच्या वाचनमालेचे पहिले पुस्तक आले, त्यात धडे शेतीचे, रस्त्यांचे, आरोग्याचे आणि मतदानाचे.

फ्रँक लाउबाख या मिशनऱ्याची वाट वेगळी होती. फिलिपिन्समध्ये 1930 च्या सुमारास त्यांनी अक्षराच्या आकारात चित्र बसवणारे तक्ते केले आणि शिकलेल्याने दुसऱ्याला शिकवायचे अशी साखळी उभी केली. 1935 मध्ये ते भारतातही येऊन गेले. पुढे हेच तंत्र त्यांनी इंग्रजीला लावले. पक्षी (बर्ड) आणि ‘बी’ या अक्षराची जोडी आजही तक्त्यांवर दिसते ती या परंपरेतली. मात्र या पद्धतीत काय शिकायचे ते तक्ता ठरवतो. माझ्या मते तिची मर्यादाही तीच.

आता ते बेट. साउथ कॅरोलिनात चार्ल्सटनजवळ जॉन्स आयलंड नावाचे बेट आहे. तिथल्या कृष्णवर्णीयांची घरची बोली गल्ला. तिची मुळे इंग्रजीत आणि आफ्रिकी भाषांत आहेत. राज्याच्या 1895 च्या घटनेने मतदार होण्यासाठी एक अट घातली होती. राज्यघटनेतले कोणतेही कलम वाचून-लिहून दाखवा, नाहीतर 300 डॉलर किमतीची करपात्र मालमत्ता दाखवा. अट वरकरणी सर्वांना सारखी. पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या धड शाळाच मिळाली नव्हती, त्यांना यादीबाहेर ठेवायला ती पुरेशी होती.

इसाऊ जेन्किन्स या बेटावरच्या मजुरांना बसने चार्ल्सटनला नेत-आणत. त्यांनी घटनेतली कलमे टाइप करून प्रवाशांना वाटली आणि वाटेत ती समजावून सांगायला सुरुवात केली. काहींची पाठ झाली. पण पाठ म्हणणे आणि वाचणे यातला फरक सर्वांत आधी त्या प्रवाशांनाच कळत होता. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय प्रौढांची एकत्र शिबिरे घेणारी हायलँडर फोक स्कूल ही संस्था टेनेसी राज्यात होती. जेन्किन्स 1954 मध्ये तिच्या शिबिराला गेले आणि त्यांनी मोठ्यांसाठी शाळा मागितली. तिथे त्यांना घेऊन गेल्या होत्या सेप्टिमा क्लार्क. क्लार्क यांनी 1916 पासून याच बेटावर शिकवले होते, कारण चार्ल्सटनच्या सरकारी शाळांत तेव्हा कृष्णवर्णीय शिक्षकांना घेत नसत. पुढे चार्ल्सटनमध्ये नोकरी मिळाली खरी, पण एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचे सभासदत्व सोडायला नकार दिल्यामुळे 1956 मध्ये ती गेली. चाळीस वर्षांचा अनुभव असलेली शिक्षिका अशी आपोआप हायलँडरला मिळाली.

हायलँडरने उसन्या दिलेल्या 1,500 डॉलरमधून बेटावर एक जुनी इमारत घेतली गेली. पुढे किराणा दुकान, मागे वर्ग. गोऱ्या शेजाऱ्यांच्या नजरेत येऊ नये म्हणून ही मांडणी. शिकवायला क्लार्क यांनी आपल्या नात्यातल्या बर्निस रॉबिन्सन यांना गाठले. त्या केस करायच्या, कपडे शिवायच्या, शिक्षिका नव्हत्या. नेमके तेच क्लार्क यांना हवे होते. पेशाने शिक्षक असलेला माणूस मोठ्यांशीही मुलांशी बोलावे तसा बोलतो, ही त्यांची धास्ती होती.

7 जानेवारी 1957 रोजी पहिला वर्ग भरला, तेव्हा समोर 14 जण होते. रॉबिन्सन प्राथमिक शाळेचे साहित्य घेऊन गेल्या होत्या. ते इथे चालणार नाही हे त्यांनी पहिल्याच संध्याकाळी ओळखले आणि ते बाजूला ठेवून सरळ विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे? उत्तरे साधी होती. सही करता यावी. बायबल वाचता यावे. बाहेरगावी असलेल्या मुलांची पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागू नयेत. मनिऑर्डर आणि कॅटलॉगमधून माल मागवायचा फॉर्म स्वतः भरता यावा. घटना आणि मतदान होतेच. अभ्यासक्रम म्हणतात तो इथेच तयार झाला, आणि तो तयार करणाऱ्यांना अजून वाचता येत नव्हते.

मग एकेक उपक्रम. पुठ्ठ्यावर प्रत्येकाचे नाव लिहून द्यायचे. त्यावर पेन्सिल पुन्हापुन्हा फिरवायची, हाताला वळण बसेपर्यंत. मनिऑर्डरचे आणि मागणीचे फॉर्म समोर ठेवून ते भरायचे. वर्तमानपत्रातल्या किराणा मालाच्या भावांवरून बेरजा करायच्या. दिवसभर शेतात काय केले ते शिकणाऱ्याने सांगायचे, रॉबिन्सन ते उतरवून घेत आणि तोच धडा होई. आपणच बोललेले वाक्य असल्याने पुढचा शब्द काय असणार याचा अंदाज असे, म्हणून डोळ्यांना अक्षरे लवकर सापडत. याच तंत्राला पुढे शिक्षणशास्त्रात ‘लँग्वेज एक्सपीरियन्स अप्रोच’ असे भारदस्त नाव रूढ झाले. भिंतीवर त्यांनी संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला होता. वर्ग संपेपर्यंत तो सर्वांना वाचता आला पाहिजे, हे उद्दिष्ट. वर्ग आठवड्यातून दोन संध्याकाळी, शेतीची कामे कमी असतात त्या हिवाळ्याच्या महिन्यांत.

हे वर्ग शेजारच्या वाडमलॉ, एडिस्टो या बेटांवर पसरले. टेनेसी सरकारने हायलँडर बंद पाडायचा घाट घातल्यावर 1961 मध्ये हे काम मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे, म्हणजे एससीएलसीकडे गेले. जॉर्जियातल्या डॉर्चेस्टर सेंटरमध्ये क्लार्क, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग शिक्षक घडवू लागले. प्रशिक्षण पाच दिवसांचे आणि प्रशिक्षणार्थी बहुतेक गावातलीच माणसे. 6 ऑगस्ट 1965 च्या मतदान हक्क कायद्याने दक्षिणेतल्या साक्षरतेच्या अटी स्थगित केल्या आणि ज्या परीक्षेसाठी हे वर्ग उभे राहिले होते ती परीक्षाच गेली.

उपक्रम मात्र राहिले, आणि इतरत्रही तसेच काही उगवले. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकात साक्षरता मोहीम झाली, 1975 मध्ये बीबीसीने ‘ऑन द मूव्ह’ ही छोट्या भागांची मालिका दाखवली. त्याच वर्षी सुरू झालेले ‘राइट फर्स्ट टाइम’ हे वर्तमानपत्र शिकणाऱ्यांच्याच लिखाणाने भरलेले असे. स्टुअर्ट यांच्या वर्तमानपत्रात मजकूर शिक्षकांचा होता. इथे तोही शिकणाऱ्यांकडे आला.

इंग्रजी वाचून दाखवण्याची अट दुसऱ्या दाराने अजून आहे. अमेरिकेचे नागरिकत्व घेताना इंग्रजी बोलता यावे ही अट 1906 पासूनची. लिहिता-वाचताही यावे ही 1950 पासूनची. आज अर्जदाराला तीनपैकी एक वाक्य वाचावे आणि तीनपैकी एक ऐकून लिहावे लागते. पन्नाशी ओलांडून वीस वर्षे किंवा पंचावन्न ओलांडून पंधरा वर्षे तिथे कायमचे वास्तव्य झालेल्यांना इंग्रजीतून सूट आहे. पण साठाव्या वर्षी मुलाकडे गेलेल्या पुण्या-नाशिकच्या आजीची पाच वर्षे पुरी होऊन ती अर्जाला पात्र ठरते तेव्हा ती पासष्टची असते, आणि पंधरा वर्षांच्या वास्तव्याची सूट मिळायला तिला पंचाहत्तरीची वाट पाहावी लागते. म्हणून ती वर्गाला जाते. परीक्षेत येणाऱ्या शब्दांची यादी सरकारनेच प्रसिद्ध केली आहे. शिक्षक ते शब्द कार्डांवर लिहितात, त्यांची वाक्ये जुळवून घेतात आणि मोठ्याने वाचून उतरवून घ्यायला लावतात.