हजार वॉटचा पॉवर सप्लाय हजार वॉट खातो का?

सीताबर्डीच्या दुकानांपासून कॉलेजच्या होस्टेलपर्यंत नागपुरात एक समज पक्का बसलाय: पीसीला (कम्प्युटरला) वीज पुरवणारा पॉवर सप्लाय हजार वॉटचा लावला की विजेचं बिल फुगणार. हे खरं नाही. खोक्यावरचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो, एवढंच. पीसीला त्या क्षणी ५०० वॉट लागत असतील आणि सप्लायची कार्यक्षमता ९० टक्के असेल, तर सॉकेटमधून साधारण ५५५ वॉट ओढले जातात. वरचे ५५ उष्णता होऊन जातात.

उलट, बिलाच्या धास्तीनं लहान सप्लाय घेतला तर गेम ऐन रंगात आलेला असताना पीसी बंद पडू शकतो. आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र उभं करणारा भाग) ४५० वॉटचं, तरी ते बनवणारी एनव्हिडिया ८५० वॉटचा सप्लाय सुचवते. प्रोसेसर आहेच, शिवाय कार्ड क्षणभरासाठी ठरलेल्यापेक्षा बरीच जास्त वीज ओढतं. एटीएक्स ३.० या मानकाचे (पीसी सप्लाय कसा असावा याच्या नियमांचे) सप्लाय असे झटके झेलतील असेच बनवलेले असतात.

आणि आपला मे महिना! पारा ४५ च्या पुढे. सप्लाय पूर्ण वॉट ४० अंशांपर्यंतच देतो की ५० पर्यंत, हे घेण्याआधी तपासाच. नागपूरकरासाठी मला हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.